जेवून जा

निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी सुरू झाली, की त्या वासानं मला सुरगाण्याचा तो जीपवाला आठवतो. त्याच्या जीपखाली माझा थोरला भाऊ गेला होता. शिक्षा भोगून सुटल्यावर, अशीच धुरळणी चालू असताना, तो थेट बागेत आला आणि आईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

“शेवटी काही बोलला का रे तो?” आईनं विचारलं.

“पाणी मागितलं, आई. मांडीवर डोकं घेऊन मीच पाजलं,” जीपवाला म्हणाला.

आईनं शेजारची वेल धरली. मग म्हणाली, “माझ्या मनात आता काही नाय. जेवून जा.”

त्या दिवशी मी रागानं जेवलोच नाही. भाऊ ज्या वयात गेला, माझा मुलगा आज त्याच वयाचा आहे. भाऊ एकटा गेला नाही, हे आईला त्या माणसाशिवाय कोण सांगणार होतं?