आडव्या झाडांचे सेनापती

जगातली सगळी युद्धं तलवारींनी नव्हे, तर आडव्या पाडलेल्या झाडांनी जिंकली गेली, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामा लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना राजांच्या सनावळ्या येत नाहीत; पण शत्रूच्या वाटेवर झाड कसं पाडायचं, हे त्यांतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. शेंडा शत्रूकडे, बुंधा आपल्याकडे, फांद्यांची टोकं तासायची आणि एक झाड दुसऱ्यात गुंतवून बांधायचं. एखाद्याने चुकून याला मेढेकोट म्हटलं, की मामा दुखावतात. "मेढेकोटात खांब रोवत्यात. हितं झाड झोपवायचं असतंय," असं ते समजुतीने सांगतात. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा भाताच्या ढिगापुढे तिरक्या रचून मला हे शास्त्र शिकवलं होतं. जिलेबी म्हणजे घोडदळ. "आता ह्यो घोडा म्होरं कसा येतोय, सांगा जावईबापू." मी घोडदळ खाऊन टाकलं, तेव्हा ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मामी म्हणतात, "ह्यांना झाडाची सावली दिसत न्हाय. पाडलं तर कुठवर पोचंल, तेवढंच दिसतंय."

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या मक्यात रानडुकरं शिरायला लागली. बाकीच्यांनी बांधावर जुन्या साड्या बांधल्या, कुणी तारेत वीज सोडणारं झटका मशीन बसवलं. मामांना मात्र आयुष्यात प्रथमच खराखुरा शत्रू मिळाला होता. ओढ्याकाठची वेडी बाभूळ तोडून त्यांनी ती शेताच्या कडेने आडवी घातली, फांद्या तासल्या, तारेने एकमेकींत आवळल्या. गाव हसायला येऊन गेलं. आणि कुणाच्याही, बहुधा मामांच्याही, अपेक्षेविरुद्ध डुकरं थांबली.

मामांनी पेढे आणले. पहिला पेढा शेजारच्या तात्यांना द्यायला निघाले, तेव्हा मी बरोबर होतो. तात्या त्यांचे लहानपणापासूनचे मित्र; सकाळचा चहा दोघांनी बांधावर बसून घ्यायचा, हे ठरलेलं. तात्यांनी पेढा घेतला नाही. मागे वळून त्यांनी आपला लोळवलेला मका दाखवला.

"तुमच्याकडनं हटली ती हितं आली, गुरुजी. तुमी लढाई जिंकली, आमचं रान गेलं."

पेढे तसेच परत आले. शत्रू माघारी फिरला की इतिहासाचा धडा संपतो. तो पुढे कुणाच्या शेतात गेला, हे त्यांनी वर्गात कधी शिकवलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुऱ्हाड घेऊन तात्यांच्या बांधावर गेले. "ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. बरेच दिवस तात्या लांबून नुसते बघत होते. मग एकदा मामांना एक बुंधा काही केल्या हलेना, तेव्हा ते मुकाट्याने आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"शेंडा कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

ज्याने जन्मभर हेच ऐकलं, त्याने ते विचारावं, म्हणजे भांडण मिटलं होतं. डुकरं मग पुढच्या शेतात गेली, आणि त्यांच्या मागोमाग हे दोन म्हातारेही कुऱ्हाडी घेऊन गेले. गुडघ्यांनी साथ दिली असती, तर बाभळींची ही रांग नीरा नदीपर्यंत पोचली असती.

तात्या गेल्या हिवाळ्यात वारले. मुलं पुण्यात, रान पडीक. परवा लासुर्ण्याला गेलो, तर बाभळी वाळवीने पोखरून जमिनीला मिळालेल्या आणि तात्यांच्या रानातून डुकरांची सरळ वाट मामांच्या मक्यात उतरलेली.

"मामा, पुन्हा घालू या का झाडं? मी येतो मदतीला."

मामांनी त्या वाटेकडे बोट केलं.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले. "तात्याच्या बाजूनं आता कोण येतंय? येऊ द्या त्या डुकरांना तरी."