गाडीचं बोंड

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचायचो आणि हसायचो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... कोर्टात कारकुनी करण्यात जन्म गेला माझा, पुराव्याशिवाय मी शेजाऱ्याच्या तापावरही विश्वास ठेवत नाही. तेव्हा खाली लिहिलंय त्याला भुताची गोष्ट म्हणू नका. काय म्हणायचं, ते मलाही कळलेलं नाही.

यवतमाळला आमचं घर. दारात दुधी रंगाची जुनी गाडी — कार्बोरेटरची, चोकवाली. नव्या लोकांना सांगतो, थंड इंजिनाला चोकची खुंटी ओढून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागायचं. ओढली नाही, तर गाडी सुरू होऊन लगेच बंद. ओढलेलीच राहिली, तरी बंद. ती वेळेवर आत ढकलायचं काम माझ्या बायकोचं, नलूचं. तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं, कापूस पिकवणारं. त्या काळ्या गोल खुंटीला ती 'बोंड' म्हणायची. मी घाई केली की हातावर चापट... "थांबा न जी! तिले जरा तपू द्या." कॉलनीच्या फाटकापाशी बोंड थोडं आत, पाण्याच्या टाकीपाशी आणखी थोडं, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या कोपऱ्यावर पूर्ण. हा क्रम कधी चुकला नाही. मी म्हणायचो, ड्रायव्हर मी आहे की तू?

एका श्रावणात नलू गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मुलगा पुण्याला, घरात मी आणि रेडिओ. लोक म्हणाले, सवय होईल. झाली नाही, खोटं कशाला सांगू.

कापसाची ती वर्षं वाईटच होती, सकाळी पेपर उघडवत नसे. तरी दिवाळीनंतर नलूच्या धाकट्या भावाचा, मधूचा फोन आला. त्यांच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात — कापसाला हात लावण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य. दरवर्षी तो नलू न्यायची, आमच्याच गाडीतून.

"भाऊजी, यंदा दहीभात तुमी आणा. रविवारी सकायीच. बाया थांबतीन तुमच्यासाठी. नाही त आता कायले येसान तुमी इकडं..."

ते शेवटचं वाक्य लागलं मला. बायको गेली की सासुरवाडी हळूहळू सुटते, हे मी इतरांचं पाहिलं होतं. माझं तेवढंच एक दार उरलं होतं, आणि यंदा चुकलो असतो तर तेही लागलं असतं.

पण गाडी नलू गेल्यापासून उभी. सुरू व्हायची, जरा घरघरायची आणि बंद. लोहारा भागातल्या मेकॅनिक रफिकभाईंकडे टाकली. त्यांचं निदान रोज नवं — आधी प्लग काळे, मग पॉइंट घासलेले, मग म्हणे पेट्रोलच शिळं! शेवटी कार्बोरेटर खोलून साफ केला आणि शनिवारी गाडी दारात आणून लावली. "मक्खन झाली साहेब." मी सुरू करून पाहिली. खरंच छान चालली... पण तेव्हा ती तापलेली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी चांगलाच गारठा होता. आयुष्यात पहिल्यांदा दहीभात कालवला, मीठ जास्त झालं. डबा बाजूच्या सीटवर ठेवला आणि बोंड ओढलं. जरा हलकंच आलं. किल्ली फिरवली — लागली, बंद. पुन्हा लागली, पुन्हा बंद. रफिकभाईंच्या नावानं बोटं मोडली. बॅटरीचा आवाज बसत चालला. तिकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, वेचणीच्या बाया ताटकळलेल्या असणार. मला रडूच आलं. त्या डब्याकडे बघून मोठ्यांदा म्हणालो, "मला नाही जमत नलू. तूच बघ तुझं बोंड."

किल्ली फिरवली. गाडी लागली, आणि चालूच राहिली.

भीतभीत गिअर टाकला. बोंडाला हात लावायची हिंमत नव्हती, ते तसंच ओढलेलं. फाटकापाशी ते थोडं आत गेलं. म्हटलं, गतिरोधकाचा धक्का बसला असेल. टाकीपाशी आणखी थोडं... तिथं तर रस्ता अगदी सपाट आहे. मी गाडी हळू केली. जिनिंगच्या कोपऱ्यावर, जिथं बाभळींना उडालेली रुई लटकलेली असते, तिथं ते सावकाश पूर्ण आत बसलं. भीती वाटली नाही. फक्त राळेगाव येईपर्यंत मी बाजूला पाहिलं नाही. पाहिलं आणि नुसता डबाच दिसला तर?

शेतात पूजा झाली. मधूच्या बायकोनं भाताचा घास घेतला. "खारट झाला जी भाऊजी," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मधू म्हणाला, "पुढच्या सालाले मीठ कमी टाका." पुढच्या सालाले! किती बरं वाटलं ते ऐकून.

सोमवारी रफिकभाई हातात नवी तार घेऊन हजर. "साहेब, सांगाचं राहूनच गेलं. चोकची तार सडली होती, मी काढून टाकली, खुंटी तेवढी नुसती लावून ठेवली. हे बसवल्याबिगर सकायी गाडी काढू नका, बंद पडीन."

"काल राळेगावला जाऊन आलो."

"चोकबिगर? थंड्या इंजनवर?" त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. तारेची जागा रिकामी होती. मग म्हणाले, "लागते बी एखाद्या टाइमले..." बोंडाचं मी त्यांना सांगितलं नाही.

सुटी खुंटी हादऱ्यानं सरकू शकते, मान्य. थंड इंजिनही कधी नशिबानं तग धरतं, तेही मान्य. पण त्याच फाटकापाशी, त्याच टाकीपाशी, त्याच कोपऱ्यावर? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असलं तरी, खरं सांगू, ते ऐकायची मला घाई नाही.

नवी तार बसली आणि गाडी झकास झाली. बोंड ओढलं की ओढलेल्या जागीच राहायला लागलं. पुढच्या वेचणीच्या आधी लाज सोडून रफिकभाईंना तार पुन्हा काढायला लावली. म्हातारा चळला, असं त्यांना वाटलं असणार. सकाळी डबा बाजूच्या सीटवर ठेवला, तिला हाक मारली, किल्ली फिरवली. लागली... बंद पडली. किती वेळ फिरवत बसलो होतो कोण जाणे.

त्याच दिवशी तार परत बसवून घेतली. आता फाटकापाशी थोडं, टाकीपाशी आणखी थोडं, कोपऱ्यावर पूर्ण... मीच ढकलतो. घाई करत नाही.