गॅलरी दाखवण्याचा कार्यक्रम

बोरिवलीत जे संसार सुखाने चालले आहेत ते आमच्या शेजारच्या मावशींनी जुळवलेले, आणि जे कसेबसे रेटले जात आहेत ते त्यांचं न ऐकता जुळलेले, असं खुद्द मावशींचं मत आहे. आणि इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माझंही तेच झालं आहे. मावशी मूळच्या मालवणकडच्या. यजमान गेल्यापासून एकट्या राहतात, पण एकटेपणाला त्यांनी कधी उंबरठा ओलांडू दिला नाही. रस्त्याकडची गॅलरी हे त्यांचं कार्यालय. तिथे खुर्ची टाकून तांदूळ निवडता निवडता त्या खालून जाणाऱ्या प्रत्येक लग्नाळू मुलाची चाल, चपला आणि पिशवीतली भाजी पाहून ठेवतात. भेंडी मोडून न बघता घेतली म्हणून एका बँकेतल्या मुलाला त्यांनी तिथल्या तिथे बाद केलं होतं. माणूस घरी येतो तो पाहायला किंवा दाखवायला, अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे गॅसची नळी तपासायला आलेल्या माणसालाही त्यांनी कांदेपोहे दिले आणि शेगडीबद्दल सांगितलं, "तशी गुणाची आहे हो, फक्त डावीकडे जरा मंद आहे."

अशात सोसायटीने इमारतीतल्या सगळ्या गॅलऱ्या तपासून घ्यायचं ठरवलं. इमारत जुनी झालेली. ज्याची गॅलरी कच्ची निघेल ती ताबडतोब बंद करून नव्याने बांधायची, असा ठराव झाला. आम्ही बाकीचे निमूटपणे कुंड्या आणि मोडके कूलर हलवू लागलो. मावशी मात्र गॅलरी 'दाखवायच्या' तयारीला लागल्या. कारण त्यांची गॅलरी जिथे भिंतीला चिकटते तिथे एक लांबलचक चीर होती, आणि गॅलरी गेली तर आपण बसायचं कुठे, ही धास्ती त्यांच्या मनात होती. बोलून दाखवतील तर त्या मावशी कसल्या. त्यांनी स्वतः चिरेत पुट्टी भरली, वर क्रीम रंगाचा हात मारला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून त्यावर मण्यांचं तोरण लावलं.

मी म्हटलं, "मावशी, इंजिनिअर येणार आहे, सासू नव्हे."

"दोघांची नजर बरोबर एकाच जागी जाते रे झिला," मावशी म्हणाल्या.

इंजिनिअर आला तो तिशीच्या आतला, हडकुळा, लाजरा. मावशींनी त्याला आधी बसवून पोहे खायला घातले. मग तो हातोडीने भिंत ठोकून बघू लागला आणि मावशी त्याला.

"गाव कुठलं?"

"चिपळूण."

"घरी कोण कोण?"

"आई फक्त."

"पत्रिका बघता?"

"ते तोरण जरा काढता का?" तो म्हणाला.

तोरण निघालं. हातोडी पडली आणि भद्द असा आवाज आला. त्याने हलकेच खरवडलं तर पुट्टीसकट प्लास्टरचा पोपडाच हातात आला आणि आतली गंजलेली सळई दिसू लागली. "मावशी, हे दार आजपासून बंद ठेवा," तो खाली बघत म्हणाला. "माफ करा मला."

तो गेल्यावर मावशींचे डोळे भरून आले. मन हललं की त्या मालवणीवर येतात. "नकार इलो रे झिला," त्या म्हणाल्या. पण पदराने डोळे पुसताच त्यांचा सूर बदलला. "पोरगो खरो हा पण. माझे पोहे खावन पण खोटा बोलूक नाय. ह्याका दिंडोशीचा ता चेडू दाखवूक होया."

त्याच संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात मावशी, एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात तांदळाचं ताट. "तुमची गॅलरी पास झाली ना? मग सरका जरा."

तेव्हापासून त्या रोज आमच्याकडे बसतात. आधी कपाळाला आठ्या घालणारी माझी बायको आता त्यांच्याशिवाय संध्याकाळचा चहा घेत नाही, आणि भेंडी घेणाऱ्या मुलांबद्दल तिचीही मतं तयार झाली आहेत. मधल्या काळात इंजिनिअरला दिंडोशीची मुलगी पसंत पडली, साखरपुडाही झकास झाला. त्या आनंदात त्याने मावशींच्या गॅलरीच्या कंत्राटदारामागे असा काही तगादा लावला, की मुंबईच्या रीतीप्रमाणे रखडायला हवं होतं ते काम चक्क वेळेवर होत आलं. नवी गॅलरी परवा मिळणार म्हणून मावशी हरखून गेल्या आहेत. मलाही आनंद आहे, नाही असं नाही. काल बायको त्यांची खुर्ची उगाचच पुसत बसली होती. "आता नेतील ना ही," ती म्हणाली. आम्हाला मुलगी नाही. पण पाठवणीच्या आदल्या दिवशी आईबाप असे गप्प गप्प का होतात, ते कळलं.