उकंडरावांचा नेम

व्यायामाच्या नावाने माझी कायमची बोंब. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे आणि मास्तरने स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं असं कोणी म्हणायला नको.

चौसष्ट साली माझी बदली रोहिणखेडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत झाली. उकंडरावांच्या घराला लागून एक खोली होती, ती मला मिळाली. उकंडराव म्हणजे वांगी-मिरची लावणारे पन्नाशीचे शेतकरी. घरात म्हातारी आई तानाबाई आणि बायको सुभद्राबाई. लेक लग्न होऊन सासरी गेलेली. समोर, रस्त्याच्या पलीकडे, गावचा आखाडा होता. पहाटे चारला आधी सुभद्राबाईंच्या जात्याची घरघर सुरू व्हायची, मग आखाड्यात फावड्याने माती खणल्याचा आवाज यायचा, आणि मग बैठका मारताना उकंडराव सोडत ते मोठाले श्वास. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, आणि लागतही नव्हतं. जातं सुरू झालं की मी जागा व्हायचो, कूस बदलायचो आणि शाळेच्या वेळेपर्यंत पुन्हा झोपायचो.

आखाड्याची जागा मूळ माणिकराव पाटलांच्या घराण्याची. त्यांच्या वडिलांनी, रंगरावांनी, ती आखाड्याला देताना मारुतीसमोर एक अट घातली होती. रोज एका तरी माणसाने तिथे मेहनत करून माती अंगाला लावायची. एक दिवस जरी ती कोणाच्या अंगाला लागली नाही, तर जागा परत. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. त्या काळी तिथे तीस-तीस पोरं घुमत होती, म्हणून अटीचं कोणाला काही वाटलं नाही. मग पोरं पांगली. कोणी मलकापूरच्या जिनिंगमध्ये गेलं, कोणी शिकायला. उरले उकंडराव. गेली अकरा वर्षं तो आखाडा एकट्या उकंडरावांच्या अंगावर चालू होता.

ताप असला तरी ते जात. लेकीच्या लग्नादिवशीही अंगाची माती धुऊनच मांडवात उभे राहिले. शेगावला दर्शनाला गेले, तर मुक्काम न करता मिळेल त्या गाडीने परत. अकरा वर्षांत त्यांनी गावाबाहेर रात्र काढली नव्हती. लोक म्हणत, काय नेम आहे! मला मात्र ते बघून कधी स्फुरण चढलं नाही. उजवा गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत ते आखाड्याची पायरी उतरत, ते पाहून मलाच दमायला व्हायचं. एकदा मी विचारलं, "उकंडराव, दुखतं तर एखाद दिवस थोडक्यात का नाही उरकत?"

"थोडक्यातच करून राह्यलो मास्तर," ते म्हणाले. "दोनशे मारत होतो, आता पन्नास मारतो. पण जावं तं लागतेच ना."

त्या साली गावात विजेचे खांब आले आणि माणिकरावांनी पिठाची चक्की घालायचं मनावर घेतलं. रस्त्याला लागून, खांबाजवळ, गावाच्या मधोमध अशी जागा एकच होती, आखाड्याची. माणूस तसा सरळ. उकंडरावांना म्हणाले, "मी जागा मांगत नाही. माह्या बापाचा शब्द हाय. पण ज्या दिवशी नेम चुकन, त्या दिवशी मी सोडनार नाही, आत्ताच सांगून ठेवतो." उकंडराव "बरं" म्हणाले. जवळची चक्की चार मैलांवर होती, त्यामुळे गावातल्या बायका आखाड्याकडे बघून काय बोलत असतील ते मी सांगायला नको. सुभद्राबाई काहीच बोलत नसत. दळून उठल्या की उजवा खांदा दाबत बसत, एवढंच.

माघात तानाबाई गेल्या. सुतक आलं. आखाड्यात मारुती, त्यामुळे दहा दिवस उकंडरावांना त्या पायरीवर पाय ठेवता येईना. भाऊबंदांचीही तीच गत. आईला पोहोचवून आल्यावर ते ओल्या अंगानेच माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, दहा दिस तेवढे तुमी सांभाळा. धा बैठका मारा, माती लावा, बस. मले दुसरं कोणी दिसत नाही."

ज्याने तासाभरापूर्वी आईला अग्नी दिला, त्याला नाही कसं म्हणणार? मी शब्द दिला.

पहिले तीन दिवस निभावले. घर पाहुण्यांनी भरलेलं, पहाटेच बायकांचं रडणं सुरू व्हायचं, मी उठायचो. दहा बैठकांत माझ्या मांड्या अशा भरून आल्या की वर्गात खुर्चीवर बसताना पोरं हसायला लागली. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि पाहुणे गेले. चौथ्या पहाटे मी जागाच झालो नाही. सुतकात त्या घरी जातं फिरत नसे, भाकरी सोयऱ्यांकडून येत. रोज ज्या आवाजावर मी उठत होतो तो आवाज बंद आहे, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. डोळे उघडले तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता. तसाच धावत शाळेत गेलो. संध्याकाळी जाऊन माती लावावी तर आखाड्यासमोर माणसं बसलेली, आणि मारुतीसमोर चोरी करायची हिंमत होईना.

कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. पाचव्या दिवसापासून भीतीने झोपच लागत नव्हती, त्यामुळे उरलेले सगळे दिवस बिनचूक झाले. पण उकंडराव समोर आले की मी मान खाली घालायचो. अकरा वर्षांचा नेम मी चार दिवसांत बुडवला होता. अकराव्या दिवशी सुतक फिटलं, आणि मला राहवेना. ते ओट्यावर बसले होते. आत सुभद्राबाई जातं पुसून ठेवत होत्या.

"उकंडराव, चौथ्या दिवशी माझ्याकडून चुकलं. मी उठलोच नाही."

ते चिडतील, निदान रडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"माहीत हाय."

"माहीत आहे? कसं?"

"चारले डोळा उघडतेच ना बुवा. पडल्या पडल्या कान देऊन होतो. फावड्याचा आवाज काही येईना. म्हनलं, मास्तर झोपला."

"मग मला हाक का नाही मारली? मधे एक भिंत तर आहे!"

उकंडराव गुडघा चोळत म्हणाले, "तोंडावर आली होती हाक. मंग म्हनलं, राहू दे. घरची बी जागीच होती. म्या इच्याकडे पाह्यलं, इनं माह्याकडे पाह्यलं. कोणीच नाही उठलं."

आतून पुसण्याचा आवाज थांबला. सुभद्राबाई दारात आल्या, पदर नीट केला आणि माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलल्या.

"मास्तर, तुमी जीवाले लावून घेऊ नका. म्याच यांचा हात धरला होता."

उकंडराव बायकोकडे न बघता उठले, भिंतीला धरून पायरी उतरले आणि माणिकरावांच्या घराकडे चालू लागले.