रेड ऑक्साइडचा पट्टा

कुऱ्हाडी जमिनीवर आणि तोडणारी माणसं उकिडवी बसलेली. मी चिडूनच पुढे गेले. धुक्यात सागाची खोडं दिसत नव्हती, नुसते लाल पट्टे तरंगत होते आणि प्रत्येक पट्ट्याखाली उदबत्ती जळत होती. क्षणभर वाटलं, मी अजून शहरात, चौबे कॉलनीतल्या घरी अंथरुणातच आहे.

अभनपूरजवळचं हे सागवान मी सांभाळते. झाड हवेतला कार्बन लाकडात साठवतं आणि कंपनी त्या साठ्याचे क्रेडिट विकते. पण दाटीत झाडं नुसती उंच होतात, जाडी धरत नाहीत. म्हणून वाकडी, किडकी झाडं काढायची. याला थिनिंग म्हणतात. काढायच्या झाडांवर आम्ही निळा पट्टा मारतो. यंदा पेंट संपला, तर कंपनीच्या साहेबांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून लोखंडाला लावायचा तांबडा रेड ऑक्साइड पाठवला. इकडे तांबडा रंग लागलेल्या खोडापुढे बाया नारळ ठेवतात, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

बोरकर साहेबांचा फोन आला. "काहून थांबून राहिले ते लोकं?"

"सर, झाडांची पूजा झाली. आता कापत नाहीत."

"मॅडम, वाढ नाही दिसली तर बायर निघून जाईन. मग मले तिथं प्लॉट पाडा लागते."

ही रोपं मी लावली होती.

पूजा सुरू करणाऱ्या, गावातल्या म्हाताऱ्या सुकवारो दाईंजवळ जाऊन बसले. "दाई, ये रंग तो फैक्टरी का है. मैंने ही लगवाया."

"हव, जानथन बेटी," त्या हसल्या. "फेर पूजा त होगे न."

ठाऊक आहे, पण पूजा तर झाली. झाडं वाढली नाहीत तर साहेब इथं प्लॉट पाडतील, हे मी त्यांना सांगितलं. आम्ही दोघी पाचोळ्यात बसलो होतो. वरून ताटाएवढी पानं सावकाश उतरत होती. मग त्याच म्हणाल्या, "अतका देवता के का करबो? एक ठन रुख छोड़ दे."

इतक्या देवांचं करायचं काय, एकच झाड सोड. त्यांनी निवडलं ते सगळ्यात वाकडं. बाकीच्यांवर पाणी घालून, हात जोडून त्यांनी निरोप दिला. दुपारी कुऱ्हाडी वाजल्या आणि ऊन पहिल्यांदाच जमिनीपर्यंत आलं. मला फार बरं वाटलं, आणि रडूही आलं.

पुढे राहिलेल्या झाडांनी जाडी धरली. ऑडिट पास झालं, प्लॉट टळले. क्रेडिट घेणाऱ्याला एकच धास्ती असते, हे लाकूड उद्या कुणी तोडलं तर? त्यासाठी कंपनी हमी लिहून देते. जाताना ऑडिटरने नारळ ठेवलेल्या त्या वाकड्या झाडाकडे बोट दाखवलं. "हे कशाला ठेवलंत?"

"सर, बाकीच्यांची हमी आम्ही कागदावर दिली आहे. खरी देता येईल असं हे एकच आहे."