दम तुटला का नाही

मला बघायला नांदेडची मंडळी आली, तेव्हा माझा घसा पार बसला होता. आणि का बसला ते सांगायची सोय नव्हती. आदल्याच दिवशी आमच्या लातूरच्या कॉलेजची नांदेडच्या कॉलेजशी कबड्डीची फायनल झाली होती, आणि मी मैत्रिणींसोबत अगदी मध्यरेषेजवळ बसून बोंबलले होते. आईनं तंबी दिली, "सर्दी झाली म्हण. मॅचचं नाव काढलंस तर बघ!"

भूकंपानंतर वडिलांचा स्लॅबवरचा विश्वासच उडाला होता. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला अंगणात पत्र्याखालीच बसवायचे. वरच्या खोल्या मात्र क्लासेसच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. आपण पत्र्यात आणि भाडेकरू स्लॅबखाली, असा आमच्या घरचा न्याय. तर पाहुणे अंगणात बसले आणि वरच्या कठड्यावर पोरांची डोकी लागली, पुस्तकं हातात, लक्ष खाली.

याआधी तीन जण मला बघून गेले होते. एकानं चालून दाखवायला लावलं, एकानं केस मोकळे सोडायला सांगितले. हा चौथा. मी फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे सुशील्याच्या, बशा घेऊन आले, तर हा पठ्ठ्या चटकन उठला आणि जड ट्रे माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. त्याच्या वडिलांनी डोळे वटारले. मी मात्र तिथंच ठरवून टाकलं, करीन तर याच्याशीच.

"नाव काय बाई तुझं?" त्याच्या वडिलांनी विचारलं. मी सांगितलं, पण बाहेर नुसती खरखर आली.

"सर्दी झालीय," आई म्हणाली.

"सर्दी न्हाई ही," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्यांचाही आवाज तसाच फाटलेला आहे. "काल मैदानावर होतीस?"

मी मान हलवली. आईनं कपाळाला हात लावला.

"मग तूच सांग! दम तुटला होता का नाही?"

झालं! पेटलं. झालं होतं असं, की नांदेड एका गुणानं पुढं होतं आणि शेवटची चढाई लातूरची. आमच्या गड्याला तिघांनी धरलं, पाडलं, वर बसले. तो तसाच फरफटत गेला आणि त्याचा हात मध्यरेषेला लागला. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत रेषा गाठली असेल तर धरणारे तिघंही बाद आणि आम्ही जिंकलो. पण त्याआधी दम तुटला असेल, तर तोच बाद. पंचांनी आमच्या बाजूनं दिलं.

"तिघं छाताडावर बसल्यावर कुणाचा दम टिकतो हो?" नांदेडकर म्हणाले. "मी समोर बसून पाहून राहिलो होतो!"

"दम पाहायचा असतो का ऐकायचा?" माझे वडील म्हणाले. "हारलं ते हारलं, पाहुणे. रडायचं कशाला?"

"रडून कोण राहिलं?" ते उठलेच. चपला शोधायला लागले. "चल रे, ऊठ. असल्या चिडक्या लोकांत सोयरीक करायची न्हाई."

मुलगा उठेना, खाली मान घालून बसलेला. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "मला ऐकूच आलं नाही. मीच लई ओरडत होते."

मग नांदेडकर फाटक्या आवाजात हसायला लागले. "इतक्या लोकांत ही एकटी खरं बोलली! हिलाच पंच करा. आत्ता करून पाहू. माझा पोरगा चढाई करंल. आणि कुणी ओरडायचं न्हाई."

वडिलांनाही चेव आला. आईच्या डब्यातली रांगोळी घेऊन त्यांनी माझ्या खुर्चीपुढंच रेघ ओढली. वरून तीन भाडेकरू बोलावले, एक नांदेडचा, एक जळकोटचा, एक शिरूर अनंतपाळचा. पोरं अशी धावत आली की अभ्यासाला कधी आली नसतील.

मुलानं इस्त्रीच्या पँटची दुमड वर केली आणि दम धरला. तिघांनी त्याला क्षणात लोळवलं. अंगणात चिडीचूप, फक्त त्याचं 'कबड्डी कबड्डी' आणि धुळीत घासणारी कोपरं. बापाला जिंकवायचं तर त्याला नुसतं गप्प व्हायचं होतं. पण हा बाबा लालबुंद होऊन माझ्याकडं बघत इंच इंच सरकत होता. लागू दे, देवा, लागू दे!

त्याची बोटं रांगोळीत घुसली. पण त्याच्या जरा आधी आवाज खुडल्यासारखा थांबला होता. मी ऐकलं होतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वडील तर डोळ्यांनी विनवत होते.

"तुटला," मी म्हणाले.

वडील मटकन खाली बसले. नांदेडकरांनी मांडीवर थाप मारली. "सख्ख्या बापाच्या विरोधात निकाल दिला पोरीनं! आम्हाला पसंत हाय!" मग वडिलांना हात देऊन उठवलं. वडील म्हणाले, "घेऊन जा. असला पंच आम्हाला घरात नको." आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

लग्न झाल्यावर नांदेडच्या घरात मी यांना विचारलं, "अहो, दम सोडला असता तर मामंजी आरामात जिंकले असते. मग एवढा जीव कशाला काढत होतात?"

हे म्हणाले, "रेघेच्या पल्याड तू बसली होतीस ना."

मला काही बोलताच येईना. आणि घसा तर केव्हाच बरा झाला होता.