नाना कंपाउंडरांची शेवटची पट्टी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याला सबळ कारण आहे. बुऱ्हाणपुरातली निम्मी भुतं मीच बनवलेली आहेत. किल्ल्याच्या भिंतीवर बिनमुंडक्याचा घोडा फिरतो असं तुम्ही ऐकलं असेल, तर तो माझा. लोधीपुऱ्याच्या एका विहिरीत बांगड्या वाजतात... त्याही माझ्याच. हलवायाला जशी मिठाईची गोडी राहत नाही, तशी मला भुतांची भीती राहिली नव्हती. तुमच्या ह्या सदरातले अनुभव वाचतानाही माझं लक्ष कारागिरीकडेच असतं — इथे पैंजण उगाच घातले, इथे कुत्रं आधी रडायला हवं होतं, वगैरे.

पण एक गोष्ट मी आजवर वाढवून सांगितलेली नाही. म्हणजे तिच्या आजूबाजूचं थोडं वाढवीन, माफ करा, सवय आहे. मधला गाभा मात्र जसाच्या तसा.

काळ इंग्रजांच्या राज्यातला. शनवारा दरवाज्यातून आत शिरलं की उजव्या हाताला तीन पायऱ्या चढून एक औषधांचं दुकान होतं. मालक आणि कंपाउंडर एकच — नाना. त्यांच्या हाताखाली मी. वय पंचवीस, लग्न झालेलं, अक्कल यायची बाकी. नाना अंगाने काडेचिराईताची काडी, आणि जिभेने त्याहून कडू. "काय होतंय?" असं ते कुणाला विचारत नसत. "आता काय खाल्लंस?" असं विचारत. तरी अर्ध्या निमाडातली माणसं त्यांच्याकडेच यायची, कारण शिव्या फुकट असत आणि औषध गुणाचं.

तेव्हा औषधासाठी रिकामी बाटली घरून आणावी लागे. नाना तीत मिक्स्चर भरत आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावं किती घ्यायचं. नाना डावखुरे, म्हणून त्यांची प्रत्येक खाच जराशी कललेली असे. मी चार वर्षं प्रयत्न केला, तशी खाच मला जमली नाही. खळ कणकेची, आणि तिला किडे लागू नयेत म्हणून नाना चिमूटभर मोरचूद घालत. त्यामुळे पट्टीच्या कडेला निळसर झाक यायची. सगळ्या जिल्ह्यात असली पट्टी दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि ती फक्त गिऱ्हाइकाच्या बाटलीला. कपाटातल्या मोठ्या बाटल्यांना पट्टी कधी लावलीच जात नसे, एवढं लक्षात ठेवा.

आता भिका पैलवान. माझा लहानपणापासूनचा दोस्त. ह्या माणसाने एकदा शनवाऱ्यात चिखलात रुतलेला टांगा एकट्याने उचलला, घोड्यासकट आणि आत बसलेल्या तहसीलदारासकट. (घोडा आणि तहसीलदार मी मागाहून घातले. टांगा खरा.) न्याहारीला तुपात घोटलेला गोड दराबा शेरभर खायचा आणि वर विचारायचा, "जेवायला काय आहे?" लहान पोरांना दोन्ही दंडांवर लोंबकळवून बाजारभर फिरवायचा. गावाचा लाडका होता.

रावेरच्या कुस्त्यांत त्याची मांडी मोडली. खंडव्याच्या एका डॉक्टरने हाड बसवलं आणि दुखणं सोसवेना म्हणून चिठ्ठी लिहून दिली — अफूचं टिंचर, एक महिना. हाड दोन महिन्यांत सांधलं. चिठ्ठी मात्र दीड वर्ष चालली. घडी घालून घालून तिची चाळण झाली, तरी भिका ती देवाच्या अंगाऱ्यासारखी जपून आणायचा.

"अरे, अफूच पाहिजे तर सरकारी ठेक्यावर मिळते," मी एकदा चिडवलं.

"ठेक्यावर अफूबाज जातात, वामन्या," तो छाती काढून म्हणाला. "मी दवाई घेऊन राहिलो. चिठ्ठी आहे माझ्यापाशी."

हसू नका. त्याचा सगळा आब त्या चिठ्ठीवर टांगलेला होता. बारा गावांत नाव असलेला पैलवान, तो ठेक्याच्या ओट्यावर पेंगणाऱ्यांत जाऊन बसणार? मेला असता, पण बसला नसता.

नानांनी हे ओळखलं होतं. एक दिवस मला मागच्या खोलीत बोलावून म्हणाले, "वामनराव, तोंड बंद ठेवायची फी काय घेता तुम्ही?" मग सांगितलं. त्या आठवड्यापासून भिकाच्या बाटलीत टिंचर थोडं कमी आणि चिराईताचा काढा थोडा जास्त. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. रंग तोच, कडूपणा तोच, पट्टी तीच.

"त्याला सांगा की सरळ," मी म्हटलं.

"पैलवानाला तू आजारी आहेस म्हणून सांगितलं की तो आपल्याशीच कुस्ती धरतो. गप बस."

चार महिने हे चाललं. वैशाख लागेपर्यंत बाटलीत टिंचर नावालाच उरलं होतं. भिकाला घाम फुटायचा, झोप उडाली होती, पायरीवर बसून कुरकुरायचा.

"नाना, तुमची दवाई कमजोर झाली हो."

"दवाई तीच आहे. तू शहाणा होऊन राहिला, म्हणून तसं वाटतं."

"थोडी जास्त द्या ना मग."

"शहाणपण?"

असं हसत-खेळत निभत होतं. मग नानांनी घाई केली. जाणत्या माणसाची ती एकच चूक. त्यांना वाटलं, आता सुटलीच सवय. एका सोमवारी बाटली देताना म्हणाले, "भिका, ही शेवटची. चिठ्ठी फाडून टाक." भिका काही बोलला नाही. हा माणूस बोलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गुरुवारी भर दुपारी तो आला. बुऱ्हाणपूरची वैशाखातली दुपार म्हणजे कावळेसुद्धा उडत नाहीत, भिंतीच्या सावलीने चालत जातात. दुकानाची एक फळी लावलेली. नाना बाकावर टेकलेले. मी मागे खल करत होतो... असं मी पोलिसांना सांगितलं. खरं म्हणजे झोपलो होतो. आवाजाने उठून बाहेर आलो, तर डोक्यापासून हनुवटीपर्यंत उपरणं गुंडाळलेला एक डोंगर विषाच्या कपाटाचं कुलूप हाताने पिळत होता. चेहरा झाकला म्हणजे आपल्याला कुणी ओळखणार नाही असं त्याला वाटलं होतं! हत्तीने डोळे मिटले म्हणून काय तो अंबारीत लपतो?

"भिका, सोड ते," नाना म्हणाले. "ऐक माझं. त्या बाटलीला हात लावू नको. तुला सांगतो मी, काय झालंय ते—"

ते सांगणारच होते. त्यांनी त्याचा दंड धरला. भिकाने नुसता हात झटकला. आखाड्यात असा झटका बसला तर माणूस अंगाची माती झाडून उठतो. नाना उठले नाहीत. कपाळ पायरीच्या दगडावर आपटलं. भिकाने पाहिलंही नाही. टिंचरची मोठी बाटली छातीशी धरून लंगडत, पळत निघून गेला.

मी नानांचं डोकं मांडीवर घेतलं. समोरचा हलवाई धावत आला. नानांनी माझी बंडी धरली आणि काय म्हणाले? मी असतो तर म्हटलं असतं, त्या हरामखोराला पकडा. नाना म्हणाले, "तो जुन्या मापानेच घेईल रे... आता सोसायचं नाही त्याला. मरेल. जा."

आणि मग त्यांचा हात सुटला. हलवायाने नाडी पाहिली आणि डोक्यावरचं पागोटं काढलं.

मी धावलो. पण खरं सांगतो, निम्म्या वाटेपर्यंत मला कळत नव्हतं मी कशाला धावतोय. मरू दे, असंही मनात आलं. माझ्याच दोस्ताबद्दल, माझ्याच मनात. आधी आखाड्यावर गेलो. तिथे कुणी नव्हतं. मग त्याच्या घरी. आई म्हणाली, सकाळपासून आला नाही. मग सुचलं, तापीवरचा राजघाट. लहानपणी मार चुकवायला आम्ही तिथेच जायचो. एव्हाना पाऊण तास तरी गेला असेल. त्याला प्यायला पाऊण मिनिट पुरलं असतं.

तापीचं पाणी आटून पार पात्रातल्या हत्तीच्या आकाराच्या दगडापाशी गेलेलं. घाटाखाली सगळी वाळू, तव्यासारखी तापलेली. सगळ्यात खालच्या पायरीवर, कमानीच्या सावलीत भिका बसला होता. मांडीत बाटली. उपरणं सुटलेलं. मी ओरडलो, "प्यायलास का? भिका, किती प्यायलास?"

त्याने मान वर केली. ढसाढसा रडत होता.

"नाही रे. नानांनी पिऊ दिलं नाही."

"कुणी?"

"नाना आले होते ना. आत्ताच गेले. तुला वाटेत नाही भेटले?" त्याने नाक पुसलं. "लई बोलले मला. म्हणे, बैलोबा, चार महिने मी तुला काढा पाजून राहिलो, आणि तू सांड तो सांडच. म्हणे, ही अस्सल आहे. जुन्या मापाने घेतली तर सुखाने मरशील, आणि माझी मेहनत वाया जाईल. मग पट्टी लावून दिली. म्हणे, ह्याच्या बाहेर एक थेंब नाही."

बाटली मी त्याच्या हातातून घेतली. सकाळी मीच ती भरली होती, मीच फडक्याने पुसून कपाटात ठेवली होती. काच कोरी होती, हे मी कुठल्याही देवळात सांगीन. आता तिच्यावर पट्टी होती. खाचा कललेल्या. एरवी पट्टीवरच्या खाचांत सारखं अंतर असतं, इथे ते सारखं नव्हतं. वरचा डोस करंगळीच्या नखाएवढा, त्याखालचा त्याहून बारीक, आणि शेवटच्या दोन खाचा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. तिथे थांबायचं, म्हणून पट्टी कात्रीने सरळ कापलेली. त्याखाली बाटली भरलेलीच होती. कडेला निळी झाक. मी अंगठा लावला. खळ ओली होती. माझ्या बोटाला आली.

वैशाखात, राजघाटावर, भर दुपारी खळ ओली राहते किती वेळ? तुम्हीच सांगा.

"भिका," मी म्हटलं, "नाना गेले."

"हो ना, आत्ताच. वरच्या पायऱ्यांनी."

"तसं नाही रे. दुकानातच गेले. तू हात झटकलास तेव्हा. माझ्या मांडीवर."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी थापाड्या आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी हसायची वाट बघत होता बिचारा. मी हसलो नाही. मग त्याने नुसतं एवढंच विचारलं, "मग एवढे बोलले कसे ते?" आणि उठला. सरळ कोतवालीकडे चालायला लागला. पुढे तो, मागे बाटली घेऊन मी. त्याला कुणी पकडून नेलं नाही.

त्याला सक्तमजुरी झाली. मुद्दाम मारलं नाही म्हणून फाशी टळली. त्या बाटलीवरून मात्र कोतवालीत मला फार छळलं. तूच चिकटवलीस ना? गावानेही तेच म्हटलं. माझी कीर्तीच तशी. पण मी धावत गेलो तो कात्री आणि खळ घेऊन? आणि खाचा डाव्या हाताच्या? भिकाने केली म्हणाल, तर त्याची बोटं केळ्यांएवढी, सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक मारायचा. आधीपासून लावलेली असेल म्हणाल, तर नानांना कसं कळावं की भिका आज चोरी करणार? पुराव्याची बाटली कोर्टात राहिली. पट्टीची नक्कल मी कोतवालीतच कागदावर उतरवून घेतली होती. ती मी तुरुंगाच्या डॉक्टरांना दिली. भला माणूस. त्याच मापाने त्यांनी भिकाला उतरवत नेलं. पट्टी संपली, तशी सवयही संपली.

सुटून आला तेव्हा भिकाचे केस पांढरे झाले होते. घरी गेला नाही, आधी माझ्याकडे आला. म्हणाला, "काकूंकडे चल. एकट्याने हिंमत होत नाही." काकू म्हणजे नानांच्या पत्नी. मला वाटलं, दार लावून घेतील, आणि हक्कच होता त्यांचा. त्यांनी दार लावलं नाही. बसा म्हणाल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या. भिका उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला आणि घाटावर काय झालं ते सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, एक शब्द न गाळता.

काकूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "चपला होत्या का त्यांच्या पायात?"

भिकाने आठवून पाहिलं. "नव्हत्या, काकू. अनवाणीच होते. वाळूत एक पाय उचलत, एक टेकत उभे होते."

नानांच्या चपला त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर राहिल्या होत्या. संध्याकाळी मीच त्या घरी आणून दिल्या होत्या. हे भिकाला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. "साठी आली तरी अक्कल नाही. वैशाखातल्या वाळूत कुणी असं जातं का?"

मग आत जाऊन त्यांनी भिकासाठी पाण्याचा तांब्या आणला.

ह्याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर जरूर कळवा. फक्त एक विनंती, तो काकूंना पटेल असा असावा.